पहिला दिवस आणि उरलेले एकशे एकवीस

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बियाणे-खतांचे दुकान आहे. गेली तीस वर्षे मे आणि जून हे दोन महिने मी गल्ल्यामागे बसून आभाळाविषयीच्या गप्पा ऐकत आलो. संस्कृत आणि हवामानशास्त्र हे दोन्ही विषय मी कोणत्याही वर्गात बसून शिकलेलो नाही. ग्रंथालये, जुनी पंचांगे, हवामान खात्याची प्रकाशने आणि गिऱ्हाइकांचे बोलणे एवढीच माझी पाठशाळा. तेव्हा या लेखात अधिकारवाणी शोधू नये. हिशेब मात्र तपासून घ्यावा. तो तपासला जावा यासाठीच मांडतो आहे.

सुरुवात २००९ पासून झाली. त्या वर्षी २३ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर आधी, मान्सून केरळात दाखल झाला. ती बातमी मी दुकानात बसलेल्या चार-पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवली. यंदा पाऊस लवकर आहे, म्हणजे बरा आहे, असा अर्थ सगळ्यांनी लावला, मीही लावला. मृगात एक सर आली. त्या सरीवर काहींनी सोयाबीन पेरले. मग आभाळ मोकळे झाले ते झालेच. देशभराचा त्या जूनचा पाऊस सरासरीपेक्षा ४७ टक्के कमी भरला आणि चार महिन्यांचा मिळून २२ टक्के कमी. उगवून आलेले रोप करपले. लोक पुन्हा दुकानात आले, पुन्हा तीस-तीस किलोच्या पिशव्या घेतल्या, या खेपेला उधारीवर. त्यातले एक वयस्कर गृहस्थ पिशवी खांद्यावर घेताना म्हणाले, ‘‘भाऊ, बातमी तुम्हीच वाचून दाखवली होती.’’

ते टोचून बोलले नव्हते. पण दुबार पेरणीत एकच पेरणी नफ्याची असते, आणि ती दुकानदाराची. त्या वाक्यानंतर मी एक साधा प्रश्न घेऊन वाचायला लागलो: पाऊस आला असे आपण नेमके कशाला म्हणतो? कवी कशाला म्हणतात, पंचांग कशाला म्हणते, सरकार कशाला म्हणते? जून ते सप्टेंबर हे आपल्या पावसाळ्याचे १२२ दिवस. त्यातल्या एका दिवसाभोवती आपले साहित्य, आपल्या बातम्या आणि आपल्या आठवणी का घोटाळत राहतात? आणि उरलेल्या एकशे एकवीस दिवसांचे काय?

१

पहिल्या दिवसाचा मान आपल्याकडे कालिदासाने वाढवला, असे म्हणण्याची रीत आहे. वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत हिरिरीने मांडले. तेव्हापासून आषाढाच्या पहिल्या दिवसाशी मराठी माणसाचे नाते अधिकच घरगुती झाले. त्या दिवशी व्याख्याने होतात, वर्तमानपत्रांत लेख येतात. पण हा पहिला दिवस कालिदासाच्या पोथीत आहे का, यावरच जुन्या टीकाकारांचे एकमत नाही. काव्याच्या दुसऱ्याच श्लोकात काही प्रतींत ‘प्रथम’ असा पाठ आहे, तर काहींत ‘प्रशम’. एका अक्षराने आषाढाचा पहिला दिवस शेवटचा होतो. काश्मीरचा वल्लभदेव ‘प्रशम’च्या बाजूचा, मल्लिनाथाने ‘प्रथम’ उचलून धरला. आपल्याकडे मल्लिनाथाचा पाठ रुजला.

वाद सोडवायला काव्यातच दोन खुणा आहेत. पहिली अशी की मेघ दिसतो तेव्हा श्रावण जवळ आला आहे, असे कवी सांगतो. दुसरी उत्तरमेघात आहे: विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा शाप संपेल आणि त्याला चार महिने उरले आहेत. विष्णू उठतो तो कार्तिक शुद्ध एकादशीला. तेथून चार महिने मागे गेले की आषाढ शुद्ध एकादशी येते. म्हणजे काटेकोर पाहिले तर पहिला दिवसही जुळत नाही आणि शेवटचाही.

आता एक बाब पाहा, जिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. आपल्या अमान्त पद्धतीने आषाढाचा पहिला दिवस धरला तर चार महिन्यांवर दहा दिवस जास्त होतात आणि शेवटचा धरला तर सुमारे वीस दिवस कमी पडतात. तेव्हा ‘प्रथम’ अधिक जवळचा. उत्तरेच्या पौर्णिमान्त पद्धतीने मोजले तर पहिला दिवस पंचवीस दिवसांनी चुकतो आणि शेवटचा, म्हणजे आषाढी पौर्णिमा, फक्त चार दिवसांनी. तिथे ‘प्रशम’ जिंकतो, आणि श्रावणाची जवळीकही खरी ठरते. निकाल पाठावर जेवढा अवलंबून आहे तेवढाच वाचकाच्या घरातल्या पंचांगावरही आहे. आपण ‘प्रथम’ निवडला यात आपल्या पंचांगाचा वाटा असेल. पण त्याहून मोठा वाटा, मला वाटते, पहिल्या गोष्टीच्या ओढीचा आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा उत्सव कोण करणार?

यात आणखी एक गुंता आहे. आपले चांद्रमास सूर्याच्या राशींना बांधलेले आहेत आणि राशी ताऱ्यांना. ऋतू मात्र ताऱ्यांना बांधलेले नाहीत. पृथ्वीचा आस संथपणे फिरतो, त्यामुळे ताऱ्यांवर चालणारे पंचांग आणि ऋतू यांच्यात साधारण ७२ वर्षांना एक दिवस इतके अंतर पडत जाते. कालिदासाला गुप्तकाळात ठेवले तर तेव्हापासून आजवर सुमारे तीन आठवड्यांचा फरक पडला. आज आषाढाचा पहिला दिवस जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. २०२३ मध्ये तो १९ जूनला होता, २०२४ मध्ये ६ जुलैला. कालिदासाच्या काळी हाच पट्टा, ऋतूच्या हिशेबाने, मेच्या अखेरच्या आठवड्यापासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत असणार. तेव्हाचा आषाढ म्हणजे पावसाच्या तोंडाचा काळ. आज आपण आषाढाच्या पहिल्या दिवशी जे आभाळ पाहून कालिदासाची आठवण काढतो, ते त्याच्या आभाळाच्या तीन आठवडे पुढचे असते.

आणि मूळ काव्य तरी पहिल्या पावसाचे आहे का? मेघ दिसतो, ही काव्याची फक्त सुरुवात. पुढचे सारे काव्य वाटचालीचे आहे. नुकत्याच नांगरलेल्या माळावर थोडे बरस, वणवा लागलेल्या डोंगरावर बरस, दमलास तर शिखरावर थांब, नदीचे पाणी पिऊन पुढे जा. थांबत, बरसत, हलके होत, पुन्हा भरत जाणारा मेघ कालिदासाने रंगवला. पावसाच्या प्रवासाचे असे नेमके वर्णन ज्या कवीने केले, त्याच्या नावाने आपण फक्त निघण्याचा दिवस साजरा करतो.

२

शेतकरी आषाढावर विसंबत नाही. तो मृग पाहतो. त्याला परंपरेचा पाईक म्हणून वाखाणणारे आणि हिणवणारे दोघेही इथे एक गोष्ट विसरतात. सण, व्रते, लग्ने चांद्रमासावर ठेवणाऱ्या याच समाजाने पेरणीसाठी मात्र सूर्याचे पंचांग वेगळे काढले. वर उल्लेखलेल्या दोन वर्षांत आषाढाची सुरुवात सतरा दिवसांनी हलली, पण सूर्याचा मृगप्रवेश दोन्ही वर्षी जूनच्या ७-८ तारखेच्या आसपासच राहिला. पाऊस चंद्राचे ऐकत नाही, हे कळल्याशिवाय अशी निवड होत नाही.

सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मग मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती. या यादीकडे तारखांचा तक्ता म्हणून पाहिले की तिचा अर्थ हरवतो. ही पंधरवड्यांची साखळी आहे आणि प्रत्येक कडीला स्वतःचे काम आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांविषयीची म्हण इतकी रांगडी आहे की या अंकात छापता येणार नाही, पण तिचा मथितार्थ एवढाच की मघा पडल्या तर घरात धान्य आणि नाही पडल्या तर आभाळाकडे बघत बसणे. हस्त रब्बीच्या ओलीसाठी हवा. स्वातीचे थेंब कुठे हवेत आणि कुठे नकोत, हे पिकावर ठरते. म्हणजे लोकपंचांगात पहिला दिवस आहे, तसा मधला खंड आहे आणि शेवटही आहे.

या परंपरेचे कौतुक करतानाही चिकित्सा सोडू नये. ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हा शब्दप्रयोग नक्षत्रांच्या बाबतीत सैल आहे. ७२ वर्षांना एक दिवस हा हिशेब मागे नेला तर ज्ञानेश्वरीच्या काळी, १२९० च्या सुमारास, मृग आजच्या कालगणनेने मेच्या अखेरीस लागत होता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास लागत असणार. त्या दिवसांत दख्खनवर वळवाच्या सरी येतात, पेरणीचा पाऊस नव्हे. तेव्हा मृगाच्या पेरणीची आजची म्हण एक तर गेल्या तीन-चार शतकांत घडली असावी किंवा जुन्या नावाखाली तिचा अर्थ सरकत गेला असावा. दोन्हींत कमीपणा नाही. उलट, लोक आभाळ बघून म्हणी दुरुस्त करत होते, याचा तो पुरावा आहे. म्हण दगडावर कोरली गेली ती छापील दिनदर्शिका आल्यावर. ‘७ जूनला पाऊस’ हे वाक्य दिनदर्शिकेचे आहे. आजोबांच्या तोंडी ते आपण घातले.

नक्षत्रांच्या वाहनांविषयीही हेच. मोर, बेडूक, हत्ती, गाढव, कोल्हा ही वाहने पाहून पंचांगवाले पावसाचे भाकीत सांगतात. पद्धत अशी की सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. यात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. दर वर्षी वर्तमानपत्रे वाहनांची यादी छापतात आणि त्याच पानावर हवामान खात्याच्या चुकलेल्या अंदाजाची टिंगल करतात. नक्षत्रांची साखळी हे निरीक्षण आहे. वाहन हा भागाकार आहे. एकाच ‘पारंपरिक ज्ञान’ या पोत्यात दोन्ही भरू नयेत.

३

पावसाविषयी मला सापडलेले सर्वांत शहाणे जुने वाक्य कोणत्याही काव्यात नाही; ते कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. र. पं. कंगल्यांच्या परिश्रमामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाताशी आला. त्यात कोठाराच्या जागी पाऊस मोजण्यासाठी एक हातभर तोंडाचे कुंड ठेवायला सांगितले आहे. पाऊस मोजण्याची जागा कोठार असावी, हीच मोठी सूचक गोष्ट. मग सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात प्रदेशवार पावसाची मापे येतात: अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण आणि अपरांतात अमित. अश्मक म्हणजे ढोबळ मानाने आमचा गोदावरीकाठ, अपरांत म्हणजे कोकण. मराठवाड्याचा पाऊस मोजूनमापून आणि कोकणचा अमाप, ही तक्रार निदान दोन हजार वर्षांची जुनी आहे, हे वाचून मला बरे वाटले.

पण खरे महत्त्वाचे पुढे आहे. पाऊस चांगला कधी म्हणावा? कौटिल्याचे उत्तर असे: एकूण पावसाचा तिसरा हिस्सा पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांत मिळून पडावा आणि उरलेले दोन हिस्से मधल्या दोन महिन्यांत. यात आगमनाची तारीख नाही. किती पडला एवढेही पुरेसे नाही. कसा वाटला गेला, ते विचारले आहे.

मी हे आजच्या आकड्यांशी ताडून पाहिले. हवामान खात्याच्या १९७१ ते २०२० या काळाच्या सरासरीनुसार देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ८७० मिलिमीटर आहे. त्यात जून आणि सप्टेंबर मिळून सुमारे ३३३, आणि जुलै-ऑगस्ट मिळून सुमारे ५३५. म्हणजे ३८ टक्के आणि ६२ टक्के. कौटिल्याचे महिने आणि आजचे महिने जसेच्या तसे एकमेकांवर बसत नाहीत, आणि एवढ्या मोठ्या देशाची सरासरी एखाद्या गावाला लागू पडत नाही, हे मान्य. तरी कडेचे दोन महिने हलके आणि मधले दोन भरीव, हा आकार त्याने ओळखला होता. याच ग्रंथात पाऊस पाहून कमी किंवा जास्त पाण्याचे पीक ठरवायला सांगितले आहे. आज माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाऊस येण्याआधी पीक ठरवते, वाणही ठरवते आणि पुष्कळदा पैसेही भरून जाते.

४

आता सरकारी पहिल्या दिवसाकडे येऊ. मान्सून केरळात आला, असे हवामान खाते कधी म्हणते? त्याचा नियम ठरलेला आहे. १० मेनंतर, दक्षिणेकडच्या ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे. शिवाय पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगाने वाहत असले पाहिजेत आणि उपग्रहाने मोजलेली, वर जाणारी उष्णता ठरावीक पातळीखाली असली पाहिजे, म्हणजेच दाट ढगांचे आच्छादन पाहिजे. शास्त्र म्हणून हा नियम चांगला आहे. एखादा वळीव किंवा भटके वादळ मान्सून म्हणून खपू नये, याची त्यात काळजी घेतलेली आहे.

अडचण नियमात नाही, त्याच्या वाचनात आहे. अडीच मिलिमीटर हे माप केरळ किनाऱ्यावरच्या वाऱ्यांची ओळख पटवण्यासाठी आहे. आमच्या काळ्या जमिनीत एवढ्या पावसाने ढेकूळही फुटत नाही. सोयाबीनची पेरणी करण्यापूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, असा कृषितज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला असतो. एका बाजूला अडीच, दुसऱ्या बाजूला पाऊणशे ते शंभर. दोन्हींना आपण ‘पाऊस आला’ हेच दोन शब्द वापरतो. २००९ मध्ये मी दुकानात जे वाचून दाखवले ते पहिल्या अर्थाचे होते. ऐकणाऱ्यांनी ते दुसऱ्या अर्थाने ऐकले.

आगमन लवकर झाले म्हणजे पावसाळा चांगला, हे समीकरण आकड्यांपुढे टिकत नाही. नोंदींमध्ये केरळातले सर्वांत लवकरचे आगमन ११ मे १९१८ चे आणि सर्वांत उशिराचे १८ जून १९७२ चे. पहिले वर्ष अव्वल ठरावे आणि दुसरे वाईट, असे समीकरण सांगेल. प्रत्यक्षात दोन्ही वर्षे मोठ्या दुष्काळाची. १९७२ तर महाराष्ट्राच्या कुटुंबाकुटुंबात सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामांसह आठवले जाते. उलट १९८३ मध्ये मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रेंगाळत आला आणि पावसाळा सरासरीहून बराच जास्त झाला.

असे का होते, ते समजून घ्यायला मला सुलोचना गाडगीळ यांच्या लेखनाची सर्वांत जास्त मदत झाली. शाळेत आपण शिकतो की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. एडमंड हॅलीने १६८६ मध्ये मांडलेली ही कल्पना अजून पाठ्यपुस्तकांत आहे. गाडगीळ यांचा आक्षेप शेतकऱ्यालाही पटेल असा आहे. जमीन सर्वांत तापते मे महिन्यात, मग सर्वांत जास्त पाऊस जुलैत का? आणि दुष्काळाच्या वर्षी जमीन चांगल्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते. मग त्या वर्षी पाऊस जास्त पडायला नको का? त्यांच्या मांडणीप्रमाणे मान्सून म्हणजे विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीला वेढणाऱ्या पावसाच्या पट्ट्याचे ऋतूनुसार होणारे स्थलांतर. सूर्याच्या मागे हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि परत फिरतो.

ही कल्पना स्वीकारली की उष्णकटिबंधातले पावसाळे एका माळेत ओवता येतात. विषुववृत्ताजवळच्या केनियात पट्टा वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो, म्हणून तिथे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन पावसाळे. स्वाहिलीत त्यांना मासिका आणि वुली अशी वेगळी नावे आहेत. सहाराच्या दक्षिणेला तो उन्हाळ्याच्या टोकाला एकदाच पोहोचतो, म्हणून तिथे एकच, आखूड पावसाळा. आणि आपला पाऊस परतायला लागतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. तंजावरच्या मराठी घरांत शतकानुशतके दिवाळी पावसात होत आली आहे. ‘पाऊस गेला, दिवाळी आली’ हे आपले वाक्य त्यांच्या उपयोगाचे नाही.

शिवाय हा पट्टा एका दमात येत नाही. देवराज सिक्का आणि गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले की ढगांचे पट्टे विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर तयार होऊन काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकतात. पाऊस म्हणजे लाटा. दोन लाटांच्या मध्ये उघडीप येणारच. पहिली लाट लवकर आली तर दुसरी येईपर्यंतची फट नेमकी पेरणीच्या दिवसांवर पडू शकते. कालिदासाचा थांबत जाणारा मेघ आणि लोकपंचांगाची तुटक-तुटक नक्षत्रे या शास्त्राला अनोळखी नाहीत. अनोळखी आहे ती ‘आला आणि सुरू झाला’ ही आपली कल्पना. याच गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीचा योग्य काळ कोणता, याचा अभ्यास केला. तिथे प्रश्न पाऊस कधी येतो असा नव्हता. पिकाला नेमके पाणी हवे असते त्या दिवसांत उघडीप येण्याची शक्यता किती, हा होता.

५

पहिल्या दिवसाच्या या नादाची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. मुंबईच्या आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून झाली. एका दिवसाचा फरक. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. नऊ दिवसांचा फरक. वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. ‘पावसाचे आता काही खरे राहिले नाही’ असे म्हणताना आपण सगळे जूनकडे बोट दाखवतो. सरकारी तक्त्यात मोठा बदल शेवटाकडे नोंदला गेला आहे. सोयाबीन काढणीला येते ते नेमके त्याच दिवसांत. शेंगेतच दाण्याला मोड आलेला पाहायचा असेल तर त्या दिवसांत आमच्या बाजूला यावे.

साहित्याकडे वळून पाहिले तर चित्र अगदीच एकांगी नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ बारा महिन्यांना सारखा मान देते. बहिणाबाईंच्या गाण्यांत पावसामागोमाग लगेच शेतातले काम येते. पाऊस हे कामाचे बोलावणे असते. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त न आलेला पाऊस गावच रिकामे करतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने तर बारा महिन्यांचे ओझे नावातच घेतले. पण ही नावे बाजूला ठेवून वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या पावसाळी कवितांचा आणि ललित लेखांचा ढीग पाहावा. त्यात मातीचा वास आहे, खिडकी आहे, चहा आहे, पहिली सर आहे. पुनर्वसूतली ताण पडलेली दुपार नाही. हस्तात भिजलेल्या गंजीचा कुबट वास नाही. पहिल्या पावसाचा वास शेतकऱ्यालाही येतो, आणि आवडतो. पण त्याला त्याच क्षणी ठरवायचे असते: पेरू की थांबू? ही अर्ध्या घटकेची घालमेल मराठी ललित गद्यात जितकी यायला हवी होती, तितकी आलेली मला दिसत नाही. विषय म्हणून ती मातीच्या वासाहून कमी समृद्ध नाही.

कोणी म्हणेल, कवितेने हवामानशास्त्र का सांभाळावे? सांभाळू नये. माझी तक्रार वेगळी आहे. कवितेतून, दिनदर्शिकेतून आणि ठळक बातमीतून एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा भेटली की ती माणसाच्या निर्णयात उतरते. मी वाचून दाखवलेली बातमी ज्यांनी ऐकली, त्यांच्या कानात ती एकटी पडली नव्हती. ‘मृग लागला की पेर’ हे शाळेतल्या धड्यापासून गाण्यापर्यंत सगळीकडून आधीच ऐकलेले होते. बातमीने फक्त हो म्हटले.

६

२०२५ ने हा धडा पुन्हा गिरवून घेतला. २४ मे रोजी मान्सून केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईच्या नोंदींतले ते सर्वांत लवकरचे आगमन. मथळे विक्रमाचे होते. महिनाअखेरीस त्याची वाटचाल थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ जागच्या जागी राहिला. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याने या खेपेला वेळेवर सांगितले होते. वर्षअखेरचा देशाचा हिशेब सरासरीच्या १०८ टक्के, म्हणजे कागदावर उत्तम. आणि त्याच उत्तम वर्षाच्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांत शिरल्या; उभे पीक तर गेलेच, कित्येक ठिकाणी खालची मातीही वाहून गेली. पहिला दिवस विक्रमी, बेरीज उत्तम आणि घरात दाणा नाही. कौटिल्याचा अधिकारी असता तर त्याने या वर्षाला चांगले म्हटले नसते.

माझ्या दुकानात आता भिंतीवर एक फळा आहे. मागच्या अंगणात ठेवलेल्या साध्या पर्जन्यमापकातला आकडा मी रोज सकाळी त्यावर लिहितो आणि खाली १ जूनपासूनची बेरीज. फळ्यावर ‘मान्सून आला’ असे मी कधीच लिहीत नाही. बेरीज पाऊणशेच्या वर जाईपर्यंत सोयाबीनची पिशवी मागणाऱ्याला फळा दाखवतो. काही जण थांबतात. काही जण शेजारच्या दुकानातून नेतात, तोही त्यांचा हक्क आहे. कारण थांबल्यावर पाऊस येईलच असे मी कुणाला लिहून देऊ शकत नाही, आणि उशिरा पेरलेल्याचेही नुकसान होते.

२००९ चे ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा येतो. गेल्या मेमध्ये विक्रमी आगमनाची बातमी आली त्या दिवशी तो दारात गाडी थांबवून, न उतरताच, विचारत होता, ‘‘काका, फळ्यावर किती झालं?’’ मी आकडा सांगितला. तो म्हणाला, ‘‘मग अजून आला नाही,’’ आणि गाडी वळवून गेला.